गंजलेली पिन आणि आपले बळ

हट्टाला पेटलेल्या माणसाशी कसे वागावे? धीर धरावा की बळ वापरावे? हा प्रश्न घरात, शाळेत व मंडळीत वारंवार उभा राहतो. त्याचा विचार करताना शेतीच्या जुन्या यंत्राकडे पाहिले तर काही उलगडा होतो, असे आम्हांस वाटते.

भोपाळच्या काळ्या जमिनीचा यंत्रांशी संबंध जुना आहे. स्वातंत्र्यानंतर कांस गवताने व्यापलेली तेथील शेते मोकळी करण्यासाठी सरकारने ट्रॅक्टर लावले. अशा कामाच्या यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. पुढे १९५५ साली बुदनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षण केंद्र निघाले आणि १९७६ साली भोपाळातच केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. यंत्र आले तशी देखभाल आली. आणि देखभाल चुकली तेथे गंजही आला.

नांगराची जोडपिन दोन पावसाळे ग्रीसवाचून पडून राहिली की भोकात घट्ट बसते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फटीत पाचरीसारखा दाटतो. अशा वेळी उतावळा मनुष्य घण उचलतो. परंतु थेट घावाने पिनेचे डोके पसरते व ती अधिकच अडकते. भोवतालचा भाग बिडाचा असला तर तडकतो. जाणता मिस्त्री आधी गंज खरवडतो, तेल सोडतो, हलके ठोके देतो व रात्रभर थांबतो. सकाळी पिन ओढण्याआधी ती दोन्ही बाजूंनी फिरवून पाहतो. ताप द्यायचाच झाला तर तेल पूर्ण पुसून, तो पिनेला नव्हे, तर बाहेरच्या भागाला देतो. म्हणजे भोक किंचित रुंदावते.

शिक्षकबंधुभगिनींनो, हट्टी मुलाला चारचौघांत रागावणे म्हणजे पिनेच्या डोक्यावर घण घालणे होय. त्याच्या भोवतीची परिस्थिती थोडी सैल केली, तर तेच मूल पुष्कळदा आपण होऊन हलते. शिवाय पिन मुळात वाईट नव्हती. तिला वेळेवर ग्रीस मिळाले नाही, हे विसरू नये.

तथापि धीराचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. वापसा थोडेच दिवस टिकतो. मिस्त्री थांबला तर पेरणी शेतकऱ्याची चुकते. म्हणून धीर धरणारा कोण आणि त्याची किंमत मोजणारा कोण, हे विचारलेच पाहिजे. घरात एकाच्या संतापाखाली सारे दबून राहतात, किंवा संस्थेत एकजण हिशेब दाखवीत नाही व त्यामुळे गरिबांची मदत अडते. तेथे “थोडे सांभाळून घ्या” असे दुरून म्हणणे सोपे असते, कारण सांभाळणारे दुसरेच असतात. अशा धीराला आम्ही सद्गुण म्हणणार नाही.

मग मिस्त्री काय करतो? सारे उपाय थकले की तो पिन कापून काढतो. पिन स्वस्त असते, नांगर मोलाचा असतो. परंतु माणसाच्या बाबतीत येथे थबकले पाहिजे. कोणताही मनुष्य स्वस्त नाही. सर्वांच्या सोयीसाठी कापून फेकावा असा तर नाहीच. मात्र त्याच्या हातचे पद, किल्ल्या, पैशाचा व्यवहार, इतरांना धाकात ठेवण्याची मोकळीक, या गोष्टी काढून घेता येतात. पद ही पिन आहे. माणूस पिन नव्हे. पद काढून घेतल्यावरही त्याच्या घरी जाणे, त्याच्या आजारपणात विचारपूस करणे, पंगतीत त्याला शेजारी बसवणे, हे आपल्याकडे उरतेच. पहिले काम कठोर वाटते खरे, पण दुसरे अधिक अवघड आहे, आणि पहिले करून आपण पुष्कळदा तेथेच थांबतो.

नवी पिन बसवताना मिस्त्री ग्रीस भरूनच ती बसवतो. तंटा मिटल्यावर आपणही महिन्याकाठी हिशेब सर्वांपुढे मांडावा, घरातल्यांचे म्हणणे वेळच्या वेळी ऐकून घ्यावे. हे नित्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. पण ते झाले तर घण उचलण्याची वेळ सहसा येत नाही.