उच्चाराचे ऋण

परक्या भाषेतला शब्द हुबेहूब उच्चारणे, हा शिष्टाचार की मिरवण्याची हौस? इंग्रज माणूस फ्रेंच शिकू लागला, की हा प्रश्न उभा राहतो.

फ्रेंचमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठी जे शब्द आहेत, त्यांत फरक काय तो शेवटच्या स्वराचा. ‘खाली’च्या शब्दात सरळ ‘ऊ’ आहे. ‘वर’च्या शब्दात जीभ ‘ई’साठी ठेवायची आणि ओठांचा चंबू मात्र ‘ऊ’साठी करायचा. हा स्वर इंग्रजीत नाही. आपल्या देवनागरीतही त्याला अक्षर नाही. नवशिका इंग्रज सहसा दोन्हीकडे ‘दसू’च म्हणतो, आणि वरचे-खालचे एक होते! त्याच्या कानालाही ते एकच वाटतात. तेव्हा बोलण्याआधी शिकावे लागते ते ऐकायला.

उलट, इंग्रजीत बोलताना ‘पॅरिस’मधला ‘स’ गिळून ‘पारी’ म्हणणे मला दिखाऊ वाटते. तो ‘स’ काही इंग्रजांनी पदरचा घातलेला नाही. जुन्या फ्रेंचमध्ये तो उच्चारला जाई. पुढे फ्रेंचांनी टाकला, इंग्रजांनी जपला.

मला वाटते, उच्चाराचे ऋण शब्दाचे नसते, समोरच्या माणसाचे असते. त्याच्या भाषेत बोलायचे, तर आपली जीभ थोडी त्याच्या स्वाधीन करावी. आपल्या भाषेत मात्र त्याची ऐट आणू नये.