चाहूल

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘खटक्’ करण्यासारखे काही नसते. जुन्या कॅमेऱ्यात पडदा सरकायचा, आरसा वर उडून पुन्हा जागेवर बसायचा, आणि त्या झटापटीतून आवाज निघायचा. तो कोणाला हवा असो वा नसो, निघायचाच. फोनमध्ये तसे काही हलत नाही. आतला संवेदक प्रकाश ओळीओळीने वाचून घेतो आणि काम संपते. आपण ऐकतो तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. ॲपलच्या यंत्रांतला प्रसिद्ध खटका जिम रीक्स या ध्वनिरचनाकाराने स्वतःच्या कॅनन एई-१ कॅमेऱ्यावरून घेतला, असे त्यानेच सांगितले आहे. हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला. ज्यांनी फिल्मचा रोल कधी हातात धरला नाही अशी मुलेही फोटो काढताना एका जुन्या यंत्राचा आवाज ऐकत असतात.

म्हणजे हा आवाज नकली आहे. तो बंद करायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक खिट्टी सरकवावी लागते, किंवा फोन नुसता सायलेंटवर टाकला तरी भारतातल्या बहुतेक फोनांत पुरते. लोक तो बंद करतात आणि विसरून जातात. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. पण नकली असला तरी हा आवाज एक काम करत होता. ते काम कोणाचे होते, आणि तो बंद करण्याचा अधिकार फोनच्या मालकाकडेच का असावा, हा प्रश्न मला काही दिवसांपासून सोडत नाही.

बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या आजोबांचे बिऱ्हाड एका वाड्यात होते. तिथे पुरुषमाणूस माजघरात येण्याआधी ओसरीवर खाकरायचा. घशात काही अडकलेले नसायचे. तेही खोकणे नकलीच. त्या खाकरण्याने आतल्या बाया पदर सावरायच्या, कोणी पाजत असेल तर पाठमोरी व्हायची, कोणी माहेरच्या गोष्टी सांगता सांगता थांबायची. चाहूल देणे म्हणतात ते हेच. आज्या त्याबद्दल ‘घरचे पुरुष मर्यादेने वागतात’ असे कौतुकाने बोलायच्या. मला लहानपणीही ते कौतुक पुरते पटायचे नाही. खाकरणारा ‘येऊ का?’ असे विचारत नव्हता. तो येणारच होता. आतून ‘नको’ म्हणायची सोय त्या रीतीत नव्हती, फक्त दोन क्षणांची सवड होती. तरीही, बिनआवाजाच्या पावलांनी येणाऱ्या माणसाबद्दल बायका काय बोलायच्या तेही मी ऐकले आहे. दोन क्षण थोडे असतात, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला विचारा.

कॅमेऱ्याचा खटका मला या खाकरण्याच्या जातीचा वाटतो. तोही परवानगी मागत नाही. आवाज ऐकून मान वळेपर्यंत फोटो निघालेला असतो. मग उपयोग काय? उपयोग हा की आता ती गोष्ट दोघांना ठाऊक असते. समोरचा माणूस कपाळाला आठ्या घालू शकतो, ‘कशाला काढलास?’ म्हणू शकतो, ‘दाखव बघू’ किंवा ‘काढून टाक’ म्हणू शकतो, हसून सोडून देऊ शकतो. आवाजाने त्याला एवढाच हक्क मिळतो: भांडण्याचा. आवाज गेला की तो हक्क जातो, आणि गेला हेही त्याला कळत नाही.

जपानी लोकांनी हे फार लवकर ओळखले. २०००च्या नोव्हेंबरात तिथे शार्पचा कॅमेरावाला फोन विक्रीला आला. मग आगगाड्यांत, सरकत्या जिन्यांवर बायकांचे चोरून फोटो काढण्याचा उपद्रव एवढा वाढला की बंद न करता येणारा खटका तिथल्या फोनांना कायमचा चिकटला. कायदा नव्हता, कंपन्यांनी आपणच पाळलेली शिस्त होती. अशा फोटोला जपानीत ‘तोसात्सु’ म्हणतात. लिहिताना त्यात चोरीचे अक्षर आणि चित्र टिपण्याचे अक्षर शेजारी शेजारी येते. दक्षिण कोरियात २००४ साली दूरसंचार मानके ठरवणाऱ्या संघटनेने आवाजाचे मापही नेमून दिले, ६० ते ६८ डेसिबल. साधारण आपण समोरासमोर बोलतो तेवढा. अमेरिकेत २००९ साली असाच एक प्रस्ताव प्रतिनिधिगृहात मांडला गेला, तो पुढे सरकला नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे ते हेच. पण घंटा गरीब मांजराने बांधून घेतली. ज्याला चोरी करायची त्याने आवाज न करणारे ॲप उतरवून घेतले, किंवा सरळ व्हिडिओ सुरू केला. व्हिडिओला प्रत्येक चित्रागणिक खटका नसतोच. उरले कोण, तर शांत उपाहारगृहात वाटीभर रामेनचा फोटो काढताना सगळ्यांच्या नजरा अंगावर घेणारे, आणि झोपलेल्या बाळाचे आईबाप. कोरियात २०२३ साली सरकारी आयोगाने लोकांना विचारले तेव्हा बहुतेकांनी आवाज बंद करण्याची मुभा मागितली. मला त्यांचे म्हणणे रास्त वाटते. सक्तीची चाहूल प्रत्येकाला संशयित ठरवते. जपानने त्याच वर्षी चोरट्या लैंगिक चित्रणासाठी स्वतंत्र कायदा केला आणि शिक्षा यंत्राकडून माणसाकडे नेली. तेच अधिक शहाणपणाचे.

आपल्याकडे फोनाने आवाज केलाच पाहिजे असा नियम नाही. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-क च्या पाठोपाठ आलेल्या कलमांपैकी एक अशा चोरट्या पाहण्याबद्दल आणि चित्रणाबद्दल होते. आता ते भारतीय न्याय संहितेत ७७ वे कलम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातही एक कलम आहे. ही कलमे हवीतच. पण ती जिथे थांबतात तिथून माझा प्रश्न सुरू होतो. कायदा खाजगी कृतीला, खाजगी अवयवांना जपतो. रात्रीच्या गाडीत खालच्या बर्थवर तोंड उघडे टाकून झोपलेल्या बाईला तो जपत नाही. तिचे काही उघडे पडलेले नाही, चेहरा सोडून.

आवाज बंद करणारे दोन तऱ्हेचे असतात असे मी धरून चालत होते. एकाला समोरच्याला त्रास द्यायचा नसतो: बाळ उठू नये, गाणाऱ्याची समाधी मोडू नये, अंत्यदर्शनाच्या खोलीत खटखट होऊ नये. दुसऱ्याला समोरच्याला कळू द्यायचे नसते. पहिल्याला विचारा, ‘त्यांना नंतर सांगाल का?’ तो म्हणेल, हो, का नाही, दाखवीनसुद्धा. दुसरा गप्प राहील. ही कसोटी मला पुरेशी वाटत होती. छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यालाही मी तिच्यावर घासून पाहिले होते. १९३८ ते १९४१ या काळात त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून, बटणांच्या फटीतून, समोरच्या बाकावरच्या प्रवाशांची छायाचित्रे काढली. खटका दाबायची तार बाहीतून हातात आणलेली. त्या प्रवाशांना कोणी सांगितले नाही. मात्र त्यांचे पुस्तक त्याने १९६६ साली, पंचवीस वर्षे थांबून काढले. त्या थांबण्यात मला काहीतरी लाज दिसते, आणि लाज वाटणे हा त्या छायाचित्रांच्या बाजूने पुरावा आहे असे मी मानते. चोरी ती चोरीच. पण चोरीचा माल त्याने लगेच बाजारात मांडला नाही.

आमच्या आत्या गेल्या तेव्हा ही कसोटी अपुरी पडली.

आत्या फोटोसाठी चष्मा काढायच्या. चष्मा लावलेल्या मुलीचे लग्न जमत नाही, असे त्यांच्या तरुणपणी कोणीतरी त्यांच्या मनावर ठसवले होते. लग्न होऊन साठ वर्षे लोटली तरी ‘थांब, चष्मा काढते’ हे चालूच. त्यामुळे घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत त्या आपल्याकडे न बघता आपल्या जराशा पलीकडे बघतात, अंधुक दिसणाऱ्या माणसासारख्या. शेवटचे आठ महिने त्या माझ्या आतेबहिणीकडे होत्या. तिची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झोपेत दचकायचे म्हणून तिने फोनचा आवाज बंद केला. हेतू अगदी पहिल्या तऱ्हेचा. पण एकदा बंद केलेला आवाज परत कोण चालू करतो? बाळाचे फोटो काढता काढता तिने आजीचेही काढले. आत्या लसूण सोलताहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आत्या दुपारच्या पेंगताहेत. आत्या बाळाशी काहीतरी बोबडे बोलताहेत, वरची कवळी काढून ठेवलेली.

तेराव्याला फोटोला हार घालायची वेळ आली तेव्हा भाचीने लसणाचा फोटो मोठा करून आणला होता. तो फोटो सुंदर आहे, यात शंका नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आतेबहीण म्हणाली, “हीच आमची आई. त्या स्टुडिओतल्या फोटोत तर कोणी परकीच बाई बसलीय.” मी म्हटले, “ताई, पण त्यांनी हा फोटो आपल्याला दिलेला नाही.” भाची म्हणाली, “मावशी, आजीला सांगितले असते तर तिने चष्मा काढला असता. मग काय मिळाले असते?” 

तिचे म्हणणे मला खोडता आले नाही, आणि आजही येत नाही. चाहूल दिली की माणूस सावरून बसतो, आणि सावरलेला माणूस फोटोत लाकडी दिसतो, हे खरे. पण म्हणून न सावरलेला माणूसच खरा, हे मी मानत नाही. ‘नैसर्गिक’ फोटोचे जे वेड सध्या आहे त्याच्या बुडाशी हाच समज आहे, की माणूस गाफील सापडला तरच खरा. पोलिसांचाही असाच समज असतो. पदर सावरणे, चष्मा काढणे, पोट आत घेणे हा खोटेपणा नव्हे. त्या चित्राबद्दल त्या माणसाचे तेवढेच म्हणणे असते. आत्यांचे म्हणणे चुकीच्या धाकातून आले होते, असेल. तरी ते साठ वर्षे त्यांचे होते. शेवटी हार स्टुडिओतल्या फोटोला घातला गेला आणि लसणाचा फोटो आतल्या खोलीत लागला. मला तो निकाल बरा वाटला. आतेबहिणीला तो अजून खटकतो.

भाचीने काही लपवले नव्हते. विचारले असते तर तिने आजीला फोटो दाखवलेही असते. पण आजीला विचारायचे कशावरून सुचावे? माझी कसोटी इथे फसते. हेतू स्वच्छ असला तरी समोरच्याचा भांडण्याचा हक्क जातोच. तेव्हा मी आता असे म्हणते की हा आवाज फोनच्या मालकाचा नाही. तो ज्याचा फोटो निघतो त्याचा आहे, आपल्या फोनमध्ये त्याने ठेवायला दिलेला. बाळ निजले असताना तो दाबून ठेवायला हरकत नाही. पण बाळ उठल्यावर तो परत करायचा असतो.

याला एक अपवाद मी मनापासून मानते. भाजीच्या गाडीवर बसलेली मुलगी, हप्ता मागायला आलेल्या माणसाचे चित्रण पदराआडून, आवाज न करता करते. तिने खाकरायला हवे होते असे मी म्हणणार नाही. चाहूल द्यायची असते दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्याने. इथे तर तोच तिच्या घरात शिरला आहे. याच्या उलट बाजूला आषाढात चंद्रभागेच्या वाळवंटात फिरणारे कॅमेरे येतात. स्नान करून ओल्या लुगड्यात उभ्या असलेल्या बायांकडे रोखलेल्या लांब लेन्सा आता फोनांच्या गर्दीत वेगळ्या उठूनही दिसत नाहीत. ‘भक्तिभाव टिपला’ म्हणून त्यांची प्रदर्शने भरतात. त्या बायांपैकी किती जणी ती प्रदर्शने बघतात?

बाळाबद्दल मात्र माझा निर्णय होत नाही. भाचीच्या मुलाला आता दीड वर्ष झाले आहे आणि त्याचे काही हजार फोटो आहेत. आवाज चालू ठेवून काढले काय, बंद ठेवून काढले काय, त्याला त्याचा अर्थ लागत नाही. खटका ऐकला की तो टाळ्या वाजवतो. सावरून बसायला अजून त्याच्याकडे काही नाही. भाचीने हल्ली आवाज परत चालू केला आहे, मी काही बोलले म्हणून नव्हे, त्याला तो आवडतो म्हणून. आणि परवा आतेबहिणीने फोनवर सांगितले की तो आता खटका झाल्यावर हात पुढे करतो, फोन मागतो, आणि दिला नाही तर जमिनीवर आडवा पडून रडतो.