सोंग आणि ढोंग

ॲपल कंपनीनें २०१० सालीं आयपॅडवर पुस्तकें लाकडी फडताळांत मांडून दाखविलीं. दिनदर्शिकेस पुढें कातडें व शिवणीचे टांकेही आले. २०१३ सालीं हें सर्व निघालें, व 'ढोंग गेलें' म्हणून पुष्कळ जाणत्यांनीं समाधान मानलें.

परंतु अनुकरण म्हणजे असत्य काय? आमच्या मतें सोंग निराळें, ढोंग निराळें. रंगभूमीवरील राजाला कोणी लबाड म्हणत नाहीं. तें फडताळही कोणास फसवीत नव्हतें. नवख्या हाताला तें 'येथें पुस्तक आहे' एवढेंच सांगे, आणि बोट लावतांच पुस्तक खरोखर उघडे. त्या टांक्यांनीं मात्र कांहींच शिवलें नव्हतें. ते केवळ मिरविण्याचे.

सुधारकांनीं हा भेद पाहिला नाहीं. टांक्यांबरोबर त्यांनीं बटणांच्या कडाही पुसल्या. दाबावयाचें कोठें, हें अनेकांस उमगेना. अखेर २०१४ सालीं, मागेल त्यास बटणांचे आकार दाखविण्याची सोय करावी लागली.

म्हणून वस्तु कशासारखी दिसते, हा आमचा प्रश्न नव्हे. दिसण्यानें दिलेलें वचन ती पाळते काय, एवढेंच आम्ही विचारूं.