मनातलं फूल आणि मातीतलं फूल

मानसपूजेला आपल्याकडे मान आहे. 'शिवमानसपूजा' हे स्तोत्र शंकराचार्यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यात आसनापासून फुलांपर्यंत सगळं मनानेच वाहायचं. मग एडमंटनसारख्या शहरात, ५३ अंश उत्तर अक्षांशावर, गोकर्णाचा वेल बियांपासून वाढवायचा अट्टहास कशाला? वाईची माझी आत्या फोनवर हेच विचारते. "अगं, देवाला भाव हवा. मनात फूल आणलंस की पोचलं त्याला. एवढा खटाटोप कशासाठी?"

आत्याचा अधिकार मोठा आहे, पण इथे मला तिचं पटत नाही.

कोकणात गोकर्ण कुंपणावर आपसूक चढतो. इथे मे उलटेपर्यंत फ्रॉस्टची धास्ती आणि सप्टेंबरात ती परत हजर. म्हणून मार्चमध्येच घरात बी लावावी लागते. बी वाटाण्याहून लहान, काळपट, आणि कवच असं टणक की पाणी आत शिरत नाही. नेलकटरने कडेचा बारीक टवका उडवायचा आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायची. सकाळी काही टम्म फुगलेल्या असतात, काही जशाच्या तशा. न फुगलेल्या पुन्हा खरवडायच्या. मुळं दुखावलेली या वेलाला सोसत नाहीत, म्हणून कागदी कपात पेरून पुढे कपासकट मातीत लावायच्या. खाली ऊब, वर दिवा. तरी एक बी आठवड्यात उगवते आणि तिच्या शेजारची तीन आठवडे हूं की चूं करत नाही.

मनातलं फूल माझ्या हुकमतीतलं. डोळे मिटले की उमललं, हवं तेवढं निळं, हव्या त्या दिवशी. मला अडवणारं तिथे कुणी नाही. अशा पूजेत मी फक्त मलाच भेटत राहीन, ही माझी खरी भीती आहे. बी माझं ऐकत नाही. देव माझ्या मर्जीबाहेरचा कुणी असेल, तर माझं न ऐकणाऱ्या या जिवाची सेवा मला त्याच्या जास्त जवळची वाटते. अद्वैतवाद्यांना हा भेद खटकेल. पण वारकरी संतांनी मुक्ती बाजूला ठेवून देव आणि भक्त हे दोनपणच मागितलं आहे. अरणच्या सावता माळ्यांना विठ्ठल मळ्यात दिसला, आणि आजही त्यांच्या भेटीला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. तो मळा खुरपावा लागणारा, पाणी मागणारा होता, मनातला नव्हता.

गणपतीआधी अधिक महिना येतो त्या वर्षी गणपती थंडीच्या तोंडावर येतात. २०२३ साली अधिक श्रावणामुळे गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. अशा वर्षी वेलावर नुसत्या कळ्या असल्या तर मी त्या खुडत नाही. दोन पानं वाहते. पूजा अपुरी राहिली असं वाटत नाही, कारण ती मार्चमध्ये सुरू झालेली असते. पुढे फ्रॉस्टने वेल एका रात्रीत काळा पडतो. त्याचं वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

थंड मुलखात राहणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं. गावाहून बिया सामानात घालून आणू नका, त्याला नियम आहेत. 'बटरफ्लाय पी' या नावाने त्या इकडेही विकत मिळतात. फेब्रुवारीतच मागवून ठेवा.