अक्काच्या ऑपरेशनाआधी

चि. बाळ,

अक्काच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन करायचं की नाही, यावरून महाळुंग्यात घरात दोन तट पडलेत, हे कळलं. ‘अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोट कशाला फाडायचं?’ हे तुझ्या काकांचं म्हणणं मायेपोटीच आहे, पण नुसत्या वयावर ठरवू नका. ती जिना चढते का, अंघोळ आपली आपण करते का, हे सर्जनना सांग. केनेथ रॉकवूड यांनी कॅनडात २००५ साली अशक्तपणाची जी मोजपट्टी मांडली, तिच्यातही माणूस आपलं आपण किती करतो हेच पाहतात.

‘बघू पुढे’ म्हणत बसलात आणि आतडं तुंबलं, तर रात्री-अपरात्री ऑपरेशन करावं लागेल. त्यात धोका कितीतरी वाढतो. शिवाय अशी ऑपरेशनं त्या रुग्णालयात नेहमी होतात का, हे बेधडक विचार. सरावाने फरक पडतो. स्वादुपिंडाचं व्हिपल ऑपरेशन सुरुवातीच्या काही दशकांत चार-पाच जणांतल्या एकाचा जीव घ्यायचं. आज ते सतत करणाऱ्या मोठ्या केंद्रांत शंभरात पाचांहून कमी दगावतात. अक्काचं ऑपरेशन त्या मानाने सोपं, पण हात सरावलेले हवेत.

ऑपरेशन ठरलं, तर तारखेपर्यंतचे दिवस मोलाचे आहेत. तिची मिश्री आजच बंद करा. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर उपचार आधी. रोज अंडं, डाळ, दूध पोटात जाऊ दे. तीन गोळ्यांचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र तिच्या हातात दे. फुंकायचं नाही, ओढायचं, हे तिला करून दाखव. शिफ्टवरून आलास की तिला गल्लीत चालवून आण.

ऑपरेशननंतर एखाद्या रात्री ती भलतंच बडबडेल, सलाईन उपसू बघेल. म्हाताऱ्यांत हे पुष्कळदा होतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस, सिस्टरना लगेच सांग. आत जंतुसंसर्ग असू शकतो किंवा आतड्याचा जोड गळत असेल. चष्मा तिच्या डोळ्यांवर आणि घरचं माणूस उशाशी असू दे.

घरी आली म्हणजे पार पडलं, असं मानू नका. तीन महिन्यांनी ती स्वतःची स्वतः वावरते का, ते खरं. आणि तिला काय हवंय, हे तिलाच विचारा. तिच्या माघारी ठरवू नका.

महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेट. मी पंधरवड्यात येते, रात्रीची पाळी माझी.

तुझी,
मावशीआजी