नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठी भाषेंत एका मात्रेच्या फरकानें अर्थ किती दूर जातो याचें 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' हें उत्तम उदाहरण आहे. मुलाचें नांव ठेवणें हें मंगल कार्य. शेजाऱ्याला नांवें ठेवणें हा रिकामपणाचा उद्योग. पहिल्याचा मान आत्याकडे जातो; दुसऱ्यासाठीं मानाची कोणी वाट पाहात नाहीं. हीं दोन कामें आम्ही एकमेकांपासून सहसा दूरच ठेवतों. परंतु ज्ञानाच्या प्रांतांत एक क्षेत्र असें आहे कीं, तेथें जो नांव ठेवतो त्यानेंच आपल्याला पुढें कोणालाही नांवें ठेवतां यावीं अशी तजवीज करून ठेवावी, असा नियम आहे. तें क्षेत्र म्हणजे जीवजातींच्या वर्गीकरणाचें. आणि त्यांतही या नियमाची खरी कसोटी आज कवकशास्त्रांत, म्हणजे बुरशी, यीस्ट, अळंबी इत्यादिकांच्या अभ्यासांत, लागत आहे. आमचा स्वतःचा विषय तर्कशास्त्र. परंतु नांव देण्याचा अधिकार कोणास व कशानें प्राप्त होतो, हा प्रश्न तर्काचा आहे तितकाच नीतीचाही आहे, आणि म्हणून तो आम्ही येथें घेतला आहे.

कवक म्हटलें कीं लोणच्यावर आलेली बुरशी, पावाचें पीठ फुगविणारें यीस्ट, अगर पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी अळंबी एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. विद्वानही फार काळ कवकांना वनस्पतींतच मोजीत. १९६९ सालीं व्हिटेकर यांनीं त्यांस स्वतंत्र सृष्टि मानलें, आणि पुढील संशोधनानें तर तीं वनस्पतींपेक्षां प्राण्यांस अधिक जवळचीं आहेत असें दाखविलें. आजवर सुमारें दीड लाख जातींचें नामकरण झालें आहे. प्रत्यक्षांत त्या बावीस ते अडतीस लाख असाव्यात, असा २०१७ सालचा अंदाज आहे. दरवर्षीं सुमारें दोन हजार नव्या नांवांची भर पडते. लहानांतला लहान अंदाज खरा धरला तरी याच गतीनें हें बारसें आणखी हजार वर्षें चालेल.

आतां 'नवी जाति' म्हणजे काय? २०१४ सालीं प्रसिद्ध झालेली एक हकीकत येथें उपयोगी पडेल. क्यू येथील दोन संशोधकांनीं लंडनमधील दुकानांतून चिनी अळंब्यांचें एक पुडकें विकत आणलें आणि त्यांतील पंधरा वाळके तुकडे तपासले. ते तीन निरनिराळ्या जातींचे निघाले, आणि तिन्ही जाती शास्त्राला अपरिचित होत्या. खाणाऱ्यांना मात्र त्या चांगल्याच परिचित असल्या पाहिजेत. नाहींतर त्या बाजारांत कशा आल्या असत्या? संशोधकांनीं त्यांना नांवें दिलीं तींही चिनी शब्दांवरून, आणि त्यांतील एका नांवाचा अर्थ तर 'खाण्याजोगें' एवढाच आहे. तेव्हां 'नवी' याचा अर्थ नोंदवहींत नवी, इतकाच घ्यावयाचा. नांव ठेवणारा जन्मदाता नव्हे. तो कारकुनाच्या जागीं आहे, आणि त्याचा अधिकार कारकुनाचा, म्हणजे नोंद बिनचूक ठेवण्यापुरताच आहे.

ही नोंद कशी होते तें पाहूं. आपल्या न्यायशास्त्रानें लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांपैकीं दोन येथें ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. 'शिंगें असणें' हें गाईचें लक्षण केलें तर तें म्हशीलाही लागूं पडतें, ही अतिव्याप्ति. 'तांबूस रंग असणें' हें केलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पेर्सून व फ्रीस यांनीं कवकांचे जे मोठे ग्रंथ रचले, त्यांत लक्षणें बाह्यरूपाचीं होतीं: टोपीचा आकार, तिच्या खालच्या अंगाची रचना, बीजाणूंचा रंग. पुढें सूक्ष्मदर्शक यंत्र सुधारलें तशी बीजाणूची लांबी-रुंदी, त्यावरील कंगोरे, तो धारण करणाऱ्या पेशीचें स्वरूप, यांची भर पडली. हें काम अत्यंत कष्टाचें आहे, आणि त्याची थोरवी आम्ही कमी लेखूं इच्छीत नाहीं. तथापि रूपावरून केलेल्या लक्षणांत हे दोन्ही दोष शिरले.

अतिव्याप्तीचें उदाहरण मध्य व दक्षिण अमेरिकेंतील एका दगडफुलाचें आहे. दगडफूल म्हणजे कवक व शैवाल यांचा एकत्र संसार; आपल्या मसाल्यांत पडतें तेंही याच प्रकारचें. तिकडील हें दगडफूल फार काळ एकच जाति म्हणून गणलें जात होतें. २०१४ सालीं डी. एन. ए. च्या साहाय्यानें पाहतां त्या एका नांवाखालीं निदान १२६ जाती नांदत होत्या असें आढळलें, आणि एकूण संख्या चारशेंच्या वर जावी असा हिशेब निघाला. अव्याप्तीचा प्रकार याच्या उलट. कित्येक कवकांच्या लैंगिक व अलैंगिक अवस्था एकमेकींहून इतक्या भिन्न दिसतात कीं, एकाच जीवास दोन नांवें पडलीं. जें एका ठिकाणीं 'अ‍ॅस्पर्जिलस निड्युलान्स' होतें, तेंच दुसऱ्या ठिकाणीं 'एमेरिसेला निड्युलान्स' झालें. या दुहेरी नांवांस नियमांतच मुभा होती. ती २०११ सालीं मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत काढून घेण्यांत आली, आणि एका कवकास एकच नांव असें ठरलें.

यावरून कोणास वाटेल कीं, रूप हें मायावी आणि डी. एन. ए. हेंच काय तें सत्य. २०१२ सालीं कवकांची सर्वसाधारण ओळखखूण म्हणून 'आय. टी. एस.' या नांवाचा डी. एन. ए. मधील एक लहानसा तुकडा मान्य झाला, तेव्हांपासून ही समजूत बळावली आहे. परंतु तीही तपासून घेतली पाहिजे. अ‍ॅस्पर्जिलस, पेनिसिलियम, फ्युझेरियम अशा मोठ्या कुळांत कित्येक भिन्न जातींचा हा तुकडा जवळजवळ सारखाच असतो, आणि त्यांचा निवाडा करण्यास दुसऱ्या जनुकांची साक्ष काढावी लागते. शिवाय शेंकडा किती अक्षरें जुळलीं म्हणजे जाति एक मानावी, ही रेघ निसर्गानें आंखलेली नाहीं. ती आम्ही सोयीसाठीं आंखली आहे. सारांश, डी. एन. ए. हें अधिक सूक्ष्म लक्षण असलें तरी अखेर लक्षणच आहे, आणि लक्षणाचे दोष त्यासही लागतात. म्हणूनच विचारी संशोधक रूप, डी. एन. ए. व राहणीमान या तिहींचा मेळ बसल्यावरच नव्या जातीची घोषणा करतो.

हा सारा पंडितांचा काथ्याकूट आहे, असें म्हणणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. २००९ सालीं टोकियोंतील एका सत्तर वर्षांच्या स्त्रीच्या कानांतील स्रावांत एक यीस्ट सांपडलें. त्याला 'कॅन्डिडा ऑरिस' हें नांव मिळालें. 'ऑरिस' म्हणजे लॅटिनमध्यें कान. पाहतां पाहतां हेंच कवक रुग्णालयांतून, गंभीर आजारी माणसांच्या रक्तांत, देशोदेशीं आढळूं लागलें. २०१३ सालीं दिल्लींतील रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. नेहमींचें औषध त्यावर बहुधा चालत नाहीं, आणि तें एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सहज जातें. तरीही प्रयोगशाळांतील प्रचलित तपासण्या त्याला दुसऱ्याच एका जातीच्या नांवानें ओळखीत राहिल्या. म्हणजे कागदावर नांव होतें, पण तें चुकीचें होतें. आणि चुकीचें नांव हें निनांवीपणाहून घातक, कारण तें शोध थांबवितें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें धोकादायक कवकांची यादी केली, तींत या यीस्टास सर्वांत वरच्या गटांत स्थान दिलें. पुढें असेंही उघड झालें कीं, कोरियांत १९९६ सालीं एका रुग्णाच्या रक्तांतून काढलेलें यीस्ट तें हेंच होतें. हें कसें कळलें? कोणीतरी तें फेकून न देतां जपून ठेवलें होतें म्हणून.

या जपून ठेवण्यांतच आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे. नव्या जातीचें वर्णन कितीही सुंदर लिहिलें तरी तेवढ्यानें नांव ग्राह्य होत नाहीं. १९५८ सालापासून असा दंडक आहे कीं, नांव देणाऱ्यानें एक प्रमाण नमुना नेमून दिला पाहिजे. आणि १९९० पासून तो नमुना कोणत्या संग्रहांत आहे हेंही सांगावें लागतें. आपलें नांव त्या एका वाळक्या, बहुधा कुरूप, तुकड्याशीं कायमचें बांधलें जातें. पुढें कोणीही यावें, कपाट उघडावें, तुकडा तपासावा आणि 'तुम्हीं चुकलांत' असें म्हणावें. आमच्या पुण्यांतही असें एक कपाट आहे. १९४६ सालीं स्थापन झालेली, आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी जी संस्था आहे, तिच्यांत कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नांवाचा कवकसंग्रह आहे. तेथील पाकिटांत ठेवलेलीं सुकीं पानें व काटक्या पाहून कोणास काव्य सुचणार नाहीं. परंतु स्वतःच्या खंडनाचें साधन प्रतिपक्षाच्या हातीं आधींच देऊन ठेवणें, याहून सत्यनिष्ठेची मोठी खूण आम्हांस ठाऊक नाहीं.

या नियमाचें फळ पेनिसिलिनच्या कवकाइतकें स्वच्छ क्वचितच दिसतें. १९२८ सालीं लंडनमध्यें फ्लेमिंग यांच्या तबकडींत जी बुरशी पडली, तिला त्यांनीं १९२९ च्या आपल्या लेखांत पेनिसिलियम 'रुब्रम' म्हटलें. पुढें अमेरिकेंतील चार्ल्स थॉम यांनीं ती 'नोटाटम' असल्याचें सांगितलें. १९७७ सालीं 'नोटाटम' हें 'क्रायसोजीनम' मध्यें विलीन झालें. आणि २०११ सालीं, फ्लेमिंग यांचें जपून ठेवलेलें वाण डी. एन. ए. च्या कसोटीस लावल्यावर, तें 'रुबेन्स' ठरलें. नांवें चार झालीं. पण त्यामुळें या विद्येची अब्रू गेली असें आम्हांस वाटत नाहीं. वाण जपलें नसतें तर पहिलेंच नांव अढळ राहिलें असतें, आणि तेंच खरें समजून आम्ही चाललों असतों.

आज वाद उभा आहे तो येथेंच. मातीच्या चिमटीभर कणांतून डी. एन. ए. काढतां येतो, आणि त्यांत ज्यांची काया कोणीं पाहिली नाहीं, ज्यांना प्रयोगशाळेंत वाढवितांही आलें नाहीं, अशा असंख्य कवकांचीं अक्षरें मिळतात. त्या अक्षरांनाच प्रमाण नमुना मानावें, अशी सूचना पुढें आली. २०१८ सालीं पोर्टो रिकोंतील सान हुआन येथील आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेंत तिच्यावर चर्चा झाली. ती मान्य झाली नाहीं. सूचना करणाऱ्यांची बाजू लटकी नाहीं. ते म्हणतात, ज्याला नांव नाहीं त्याच्याविषयीं बोलतां येत नाहीं, त्याचें रक्षण करतां येत नाहीं. दिसत नाहीं म्हणून नांव नाकारणें हा त्या जीवावर अन्याय आहे.

या म्हणण्यास आमचें उत्तर न्यायालयाच्या भाषेंत देतां येईल. डी. एन. ए. चा लिहून घेतलेला क्रम हा साक्षीदाराचा जबाब आहे. नमुना हा प्रत्यक्ष साक्षीदार. जबाब जपला व साक्षीदार नाहींसा झाला, तर उलटतपासणी कोणाची घ्यावयाची? २०११ सालीं फ्लेमिंग यांच्या बुरशीला जो प्रश्न विचारला गेला, तो १९२८ सालीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हता, डी. एन. ए. ची घडण समजली तीच मुळीं १९५३ सालीं. साक्षीदार हजर होता म्हणून त्यानें उत्तर दिलें. उद्यां कोणते प्रश्न सुचतील हें आज सांगतां येत नाहीं, आणि लिहिलेल्या अक्षरांना त्यांच्यापलीकडचें कांहीं विचारतां येत नाहीं. तेव्हां अदृश्य कवकांस क्रमांक द्यावा, आणि तसा तो दिलाही जातो. त्यांच्या रक्षणाची निकड असेल तर त्या क्रमांकावरही तें करतां येईल. नांव मात्र साक्षीदार सांपडेपर्यंत राखून ठेवावें. हा विलंब अन्याय नव्हे, ती भावी पिढीच्या शंकेची बूज आहे.

जातां जातां एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. कवकांच्या ज्या प्रकारांविषयीं आम्ही बोललों त्यांस मराठींत 'जाति' म्हणतात, आणि माणसामाणसांत पाडलेल्या भेदांसही आम्ही तोच शब्द वापरतों. बुरशीच्या एका तुकड्याला जाति चिकटवितांना मनुष्य इतकी काळजी घेतो: नमुना ठेवतो, संग्रहाचा पत्ता देतो, पुराव्यापुढें जुनें नांव सोडतो. माणसाला जाति चिकटवितांना मात्र आम्हीं शतकानुशतकें कोणता नमुना ठेवला, कोणतें कपाट शंकेखोरासाठीं उघडें टाकलें? प्राणिशास्त्राला माणसाची एकच जाति ठाऊक आहे. ज्या भेदाला पुराव्याची विचारणाच सहन होत नाहीं, त्याला नांव देण्याचा अधिकार कोणाला होता, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.