निकाल ठरलेला, तरी भाकीत

व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात, ही गोष्ट गुपित उरली नाही त्याला तीसहून अधिक वर्षं झाली. 1989मध्ये तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं (म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं) न्यू जर्सीच्या सिनेटपुढं स्वतःच मान्य केलं की आमचे सामने ही करमणूक आहे, खेळ नव्हे. त्यामागं सत्याची चाड वगैरे काही नव्हती. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाचा परवाना, देखरेख आणि कर असा सगळा लवाजमा मागं लागतो, तो टाळायचा होता. खोटं कबूल केल्यानं पैसे वाचतात असा प्रसंग व्यापारात क्वचितच येतो.

आपल्याकडं नव्वदच्या दशकात केबलवर हे सामने पाहत आणि मल्लांची छाती, वजन, क्रमांक छापलेले पत्ते कुटत एक पिढी वाढली. ‘अरे, ते सगळं खोटं असतं,’ हे तिनं घरच्या मोठ्यांकडून हजारदा ऐकलं. ज्यांनी खासबागेच्या मातीत निकाली कुस्त्या पाहिल्या होत्या त्यांनी असं म्हणणं रास्तच होतं. पण पोरांचा रस त्यामुळं कमी झाला नाही. थोडी मोठी झाल्यावर, सगळं कळल्यावर, त्यांतल्या कित्येकांचा रस वाढलाच. कोण जिंकणार याऐवजी कुणाला जिंकवणार, असा प्रश्न ती विचारू लागली. रेसलमेनियासारखा मोठा कार्यक्रम जवळ आला की जगभर किताबाच्या लढतींची भाकितं सुरू होतात. ती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की उत्तर कुठल्या तरी कागदावर आधीच लिहिलेलं आहे.

क्रिकेटचा अंदाज बांधणारा खेळपट्टी, हवा, फलंदाजाचा सूर पाहतो. इथं ताकद आणि डावपेच यांचा निकालाशी संबंधच नाही. म्हणून भाकीत करणारा भलत्याच गोष्टी पाहतो. कुणाचा करार संपत आलाय? कुणाला चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी रजा हवीय? कुणाच्या नावाचे टी-शर्ट खपताहेत? पुढचा मोठा कार्यक्रम कोणत्या देशात आहे? लढत कितव्या क्रमांकावर ठेवलीय? शेवटच्या साप्ताहिक भागात कोण कुणाच्या छातीवर पाय देऊन उभा होता, हेही पाहिलं जातं. जुन्या प्रेक्षकांचा ठोकताळा असा की सोमवारी जो ताठ उभा राहिला तो रविवारी आडवा होतो. हा ठोकताळा बऱ्याचदा लागू पडतो, आणि तो लागू पडतो हे लेखकांनाही माहीत असल्यामुळं अधूनमधून मुद्दाम मोडलाही जातो.

आणखी एक ठोकताळा म्हणजे गडी आपल्या गावात हरतो. घरच्या प्रेक्षकांना दुखावणं हा राग पेटवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग, असं कंपनीचं गणित असावं. भारतीय प्रेक्षकांनी याचा अनुभव दिल्लीत घेतला. पंजाबी वंशाचा कॅनेडियन मल्ल जिंदर महाल मे 2017मध्ये रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईचा अजिंक्यवीर झाला, तेव्हा हा पट्टा भारतीय बाजारपेठेकडं पाहून बांधलाय हे शाळकरी पोरालाही कळत होतं. मग डिसेंबरमध्ये कंपनी दिल्लीत आली, आणि तोवर पट्टा त्याच्याकडून काढून घेतलेला होता. निदान दिल्लीतली लढत तरी जिंदर जिंकेल असं वाटणाऱ्यांना कंपनीचा अधिकारीही असलेल्या मल्ल ट्रिपल एचनं हरवून दाखवलं, आणि मग त्याच ट्रिपल एचनं जिंदरबरोबर रिंगमध्ये भांगडा केला. बाजारपेठेचं गणित अचूक मांडलेल्यांचं भाकीत साफ चुकलं. कंपनीचा फायदा कशात आहे हे ओळखणं आणि कंपनीला आपला फायदा कशात वाटतो हे ओळखणं यांत बरंच अंतर असतं.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी 1957च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये कुस्तीवर एक निबंध लिहिला आहे. मुष्टियुद्धावर पैज लावता येते, कुस्तीवर पैज लावण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. मुष्टियुद्ध शेवटाकडं सरकत जातं, तर कुस्तीत प्रत्येक क्षण स्वतःपुरता पूर्ण असतो. वेदना, माज, पराभव, सूड हे सगळं त्या त्या घडीला डोळ्यांपुढं लख्ख दिसतं, पुढं काय होणार याची प्रेक्षकाला गरजच नसते. बार्त यांनी पॅरिसमधल्या लहानशा सभागृहांत जे पाहिलं त्याबद्दल हे अगदी खरं असेल. पण दर आठवड्याची दूरचित्रवाणी मालिका त्यांनी पाहिली नव्हती. आजची किताबाची लढत म्हणजे महिनोन् महिने चाललेल्या गोष्टीचा शेवट असतो. तिच्यात अपमान आधी झालेला असतो आणि त्याची परतफेड बाकी असते. बाकी आहे म्हटलं की हिशेब आला, आणि हिशेब आला की भाकीतही आलं.

त्या भाकितात एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. क्रिकेटबद्दलचा अंदाज चुकला तर माणूस म्हणतो, माझा अंदाज चुकला. इथं माणूस म्हणतो, त्यांचा निकाल चुकला.

कोडी ऱ्होड्सचं उदाहरण घ्या. त्याचे वडील डस्टी ऱ्होड्स हे अमेरिकी कुस्तीतलं फार मोठं नाव, पण या कंपनीचा मुख्य किताब त्यांना कधी मिळाला नाही. तो आपण मिळवायचा अशी मुलाची गोष्ट. समोर रोमन रेन्स, ऑगस्ट 2020पासून अजिंक्य. एप्रिल 2023मध्ये रेसलमेनियाच्या शेवटच्या लढतीत कोडीच जिंकणार हे बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. ऐनवेळी रेन्सचा भाऊबंद सोलो सिकोआ मध्ये पडला आणि रेन्सनं किताब राखला. दुसऱ्या दिवशी भाकीत चुकलेल्यांपैकी फारसं कुणी डोकं खाजवत बसलं नव्हतं. बहुतेक जण लेखकांना झोडपत होते. गोष्ट जिथं जायला हवी होती तिथं ती नेली नाही, हा आरोप होता. मला तेव्हा हा आरोप बरोबर वाटला, आणि आजही, पुढच्या वर्षी कोडी जिंकल्यानंतरसुद्धा, तो अर्धा तरी बरोबर वाटतो.

म्हणजे इथं भाकीत हे खरं तर समीक्षेचं रूप आहे. नाटकाच्या मध्यंतरात चहा घेताना तिसऱ्या अंकात काय व्हायला हवं यावर दोन जाणकार बोलतात, तसं. ‘कोडी जिंकेल’ या वाक्यात तीन वाक्यं दडलेली असतात. कोडीनं जिंकायला हवं, कोडी जिंकला तरच आधीच्या वर्षभराला अर्थ येतो, आणि लेखकांना एवढी अक्कल असेल असं मी धरून चालतो. यांतलं पहिलं इच्छेबद्दल, दुसरं गोष्टीच्या घडणीबद्दल आणि तिसरं माणसांवरच्या विश्वासाबद्दल आहे. भाकीत चुकतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या ठिकाणी.

हे सगळं एकाच रात्रीत पाहायचं तर 6 एप्रिल 2014ची रात्र काढून पाहावी. न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, तिसावी रेसलमेनिया. प्रेक्षकांचा आकडा कंपनीनं 75,167 सांगितला (कंपनीचे आकडे उदार असतात, पण गर्दी होती). त्या रात्री दोन निकाल लागले. एक सगळ्यांनी आधीच सांगितला होता. दुसरा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

दुसऱ्यापासून सुरुवात करू. अंडरटेकर 1991पासून रेसलमेनियात एकदाही हरला नव्हता. एकवीस लढती, एकवीस विजय. ब्रॉक लेस्नरबरोबरची ती लढत किताबासाठी नव्हती, पण या मालिकेचं मोल कोणत्याही पट्ट्यापेक्षा जास्त होतं. इथं भाकीत करण्याची कुणाला गरजच वाटत नव्हती. अंडरटेकर जिंकतो, हा जवळजवळ निसर्गनियम झाला होता. लेस्नरनं तिसऱ्यांदा त्याला उचलून आपटलं, पंचानं तीनदा चटईवर हात मारला, आणि काही क्षण प्रेक्षकांना वाटलं की पंचाचीच चूक झाली. फलकावर 21-1 झळकलं तेव्हा कॅमेरा आ वासलेल्या चेहऱ्यांवरून फिरत राहिला. लबाडी झाली म्हणून माणसं ओरडतात तसंही कुणी ओरडलं नाही. ठरवून लिहिलेल्या गोष्टीत असलं काही लिहिता येतं हेच लोक विसरून गेले होते.

आता पहिला निकाल. डॅनियल ब्रायन उंचीनं बेताचा, दाढीवाला, कंपनीला पोस्टरवर हवा असतो तसा मुळीच नाही. ऑगस्ट 2013मध्ये त्यानं जॉन सीनाला चीत करून किताब जिंकला, तर त्याच रात्री ट्रिपल एचच्या मदतीनं रँडी ऑर्टननं तो हिसकावला. लोक त्याच्या बाजूनं दोन्ही हात वर करून ‘येस, येस’ ओरडायचे. कंपनीनं तरीही रेसलमेनियाची मुख्य लढत ऑर्टन आणि परत आलेला बतिस्ता यांच्यात आखली. जानेवारी 2014च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्याला रेसलमेनियात किताबाची लढत देणाऱ्या तीस मल्लांच्या झुंजीत, तिसावा आणि शेवटचा मल्ल म्हणून रे मिस्टीरिओ आला, ब्रायन नाही, हे दिसताच पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी मिस्टीरिओची हुर्यो उडवली. बिचाऱ्या मिस्टीरिओचा काय दोष? एरवी लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला माणूस तो. मग जिंकलेल्या बतिस्तालाही तेच ऐकावं लागलं. पुढच्या आठवड्यांत कंपनीला आखणी बदलावी लागली. ब्रायननं आधी ट्रिपल एचला हरवायचं, म्हणजे त्याला मुख्य लढतीत जागा. हे जाहीर झाल्या क्षणी शेवट कळला होता. ब्रायन दोन्ही लढती जिंकणार यावर पैज घ्यायला तयार माणूस शोधूनही सापडला नसता.

आणि तो जिंकलाच. बतिस्तानं हार मानली, कागदाच्या चिटोऱ्यांचा पाऊस पडला, त्या रात्रीचा सगळ्यात मोठा जल्लोष त्याच वेळी झाला. अनपेक्षित निकालानं धक्का दिला, अपेक्षित निकालानं आनंद. गोष्टीत अनपेक्षिताला आपण उगाच फार भाव देतो, असं मला ही रात्र आठवली की वाटतं. लोकांना शेवट माहीत असणं आणि लोकांना शेवटाची ओढ असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. शिवाय इथं भाकितानं एक पाऊल पुढं टाकलं होतं. ‘ब्रायन जिंकेल’ असं म्हणता म्हणता लोकांनी ब्रायनला जिंकायला लावलं होतं.

बाकी नियमांच्या फटीतूनही भाकितं निसटतात. अजिंक्यवीर अपात्र ठरला तर लढत हरतो पण किताब राखतो, त्यामुळं ‘कोण जिंकेल’ आणि ‘पट्टा कुणाकडं जाईल’ ही दोन वेगळी भाकितं होतात. 2015च्या रेसलमेनियात तर लेस्नर की रेन्स यावर वाद घालणारे दोन्ही पक्ष हरले. आव्हानाचा हक्क देणारी पेटी घेऊन सेथ रॉलिन्स लढत चालू असताना धावत आला आणि रेन्सला चीत करून पट्टा घेऊन गेला.

शरीर मात्र कुणाच्या कागदाला जुमानत नाही. ब्रायनच्या मानेनं दगा दिला आणि जूनमध्ये किताब काढून घ्यावा लागला. फिन बॅलरनं ऑगस्ट 2016मध्ये किताब जिंकला त्याच लढतीत त्याचा खांदा निखळला, दुसऱ्या दिवशी त्यानं पट्टा परत केला. ज्यांनी बॅलरचं नाव सांगितलं होतं त्यांचं भाकीत एक दिवस खरं ठरलं म्हणायचं.

आणि कागदावर लिहिणाराच फिरला तर? 9 नोव्हेंबर 1997ला माँट्रियलमध्ये ब्रेट हार्टला निकाल माहीत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. तो प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता आणि आपल्या देशात, शॉन मायकल्सपुढं, पट्टा हरायला तयार नव्हता. लढत गोंधळात, अपात्रतेवर संपवायची असं ठरलं होतं. मायकल्सनं त्याला त्याच्याच शार्पशूटर पेचात अडकवलं, ब्रेटनं हार मानलीच नाही, तरी रिंगजवळ उभ्या मालक व्हिन्स मॅकमहननं घंटा वाजवायला लावली. त्या रात्री सभागृहात ज्याचं भाकीत सगळ्यात पक्कं होतं तोच माणूस फसवला गेला. फसवणुकीचा पैसाही झाला. पुढची कित्येक वर्षं मॅकमहन पडद्यावर दुष्ट मालकाची भूमिका करून त्याच प्रसंगावर जगले.

मार्च 2023मध्ये अशी बातमी आली की डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या मोठ्या लढतींवर कायदेशीर सट्टा सुरू व्हावा म्हणून काही अमेरिकी राज्यांच्या नियामकांशी बोलत आहे. ऑस्करवर पैज लावता येते, विजेते लिफाफ्यात बंद असतात, मग कुस्तीवर का नको, असा युक्तिवाद. निकाल काही महिने आधी ठरवून हिशेबतपासनिसांच्या कुलपात ठेवायचे आणि मल्लांना लढतीच्या थोडं आधी सांगायचे, अशी योजना होती.

पेपरफुटीची सवय असलेल्या आपल्या लोकांना या योजनेतलं पहिलं भोक लगेच दिसेल. पण गुपित फुटण्यापेक्षा ते न फुटण्याचीच मला जास्त काळजी वाटते. फेब्रुवारी 2024मध्ये कोडीला बाजूला सारून द रॉकला रेन्ससमोर उभं करण्याची चिन्हं दिसली, तेव्हा लोकांनी एवढा गदारोळ केला की आठवड्याभरात आखणी उलटली, आणि 7 एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीनं रेन्सची 1,316 दिवसांची सत्ता संपवली. निकाल आधीच कुलपात असता तर? ब्रायनच्या वेळीही कुलूप जानेवारीत लागलं असतं. लोकांनी घसा फोडला असता आणि रेसलमेनियाच्या शेवटी पट्टा उंचावून बतिस्ता किंवा ऑर्टन उभा राहिला असता. सट्टेवाल्याला निकाल न बदलणारा हवा असतो, आणि या कुस्तीत प्रेक्षक भाकीत करतो ते निकाल बदलता यावा म्हणून. म्हणूनच निकाल फुटतील ही भीती कितीही खरी असली, तरी ते अजिबात फुटणार नाहीत अशी हमी मिळाली असती तरीही माझं मत या सट्ट्याच्या विरोधातच पडलं असतं.